यंत्राने लिहिलेली प्रार्थना आणि देवाची लेकरे होणे

प्रश्न : शब्बाथ शाळेतील एक शिक्षिका

सर्व बंधुभगिनींना ख्रिस्तामध्ये सलाम.

गेली नऊ वर्षे मी आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गात, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय चालू होता. ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांना देवाची लेकरे होण्याचा अधिकार मिळाला, या बाराव्या वचनापाशी एका मुलाने मला थांबवले. त्याने विचारले, “टीचर, मी प्रार्थना करतो तेव्हा सारखा अडखळतो. मोबाइलवरचा एआय मात्र सुंदर प्रार्थना लिहून देतो. मग मी तीच वाचली तर देवाला जास्त आवडेल ना?” वर्गातले कोणीही हसले नाही, सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत राहिले. “पुढच्या वेळी बोलू,” असे म्हणून मी वेळ मारून नेली, कारण तो प्रश्न माझ्यापुरताही सुटलेला नव्हता.

काही महिन्यांपूर्वी माझे वडील वारले. माझ्या मोबाइलमध्ये रोजच्या वचनाचे आणि प्रार्थनेचे एक अ‍ॅप आहे, आणि आपण सलग किती दिवस प्रार्थना केली याचा आकडा त्यात दिसतो. माझा आकडा २१२ वर पोहोचला होता. बाबांच्या शेवटच्या दिवसांतल्या एका रात्री मी अ‍ॅप उघडलेच नाही. ओला कापूस त्यांच्या ओठांवरून फिरवत मी पहाटेपर्यंत बसून होते. सकाळी मोबाइल हातात घेतला तेव्हा २१२ च्या जागी शून्य होते आणि खाली ‘पुन्हा सुरुवात करा’ असे बटण होते. मला लाज वाटली, आणि आपल्याला लाज का वाटावी याचे दुःखही झाले.

स्मरण-उपासनेत मी प्रार्थना करावी असे ठरले तेव्हा मला एकही वाक्य सुचेना. मी एआयकडून प्रार्थना लिहून घेतली. ती ऐकून अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्यात माझे वडील शांत, प्रेमळ आणि सदैव क्षमाशील होते. खरी गोष्ट अशी की आम्ही बापलेक अकरा वर्षे एकमेकांशी बोललो नव्हतो, आणि समेट झाला तोही बाबांच्या आजारपणात, अर्धामुर्धा. त्यातले काहीच त्या प्रार्थनेत नव्हते. ‘हे प्रेमळ पित्या’ असे मी उच्चारले तेव्हा ते देवाला उद्देशून होते की कोणा अनोळखी मुलीच्या अनोळखी वडिलांना, हे मला आजही कळत नाही.

माझा प्रश्न असा आहे. आजकाल ‘होणे’ म्हणजे स्वतःला घडवणे, सुधारणे, मोजणे, असेच आपण धरून चालतो. अशा काळात ‘देवाची लेकरे होणे’ याचा अर्थ काय घ्यायचा? आणि त्या मुलाला मी काय सांगू?


उत्तर : एक निवृत्त पाळक

प्रिय भगिनी,

मुलाचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर लूकच्या पंधराव्या अध्यायात आहे. वाट्याची मालमत्ता उधळून बापाकडे परत येणार्‍या उधळ्या मुलाची गोष्ट मी सेवेच्या काळात कितीतरी वेळा सांगितली, पण तिच्यातली एक बारीक गोष्ट फार उशिरा माझ्या ध्यानात आली. घरी परतण्यापूर्वी तो मुलगा बापापुढे काय बोलायचे ते मनाशी जुळवून ठेवतो. त्या बोलण्याचे तीन भाग आहेत : मी पाप केले आहे, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुझ्या एका मोलकर्‍यासारखे ठेव. प्रत्यक्ष भेटीत त्याच्या तोंडून पहिले दोन भाग निघतात आणि तिसरा निघतच नाही, कारण बाप मध्येच दासांकडे वळून झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. जुळवून आणलेले भाषण पुरे होण्याआधीच बापाने त्याला मुलगा म्हणून घरात घेतलेले असते. शिवाय तो अजून दूर असतानाच बापाने त्याला पाहिले होते आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला होता. भाषणाला त्यानंतर सुरुवात झाली.

तुमच्या विद्यार्थ्याला हे सांगा की भाषण चांगले होते की अडखळते, याची त्या बापाने चौकशीसुद्धा केली नाही.

आता तुमच्या शून्याविषयी लिहितो, कारण मला वाटते तुमची खरी जखम तिथे आहे. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाल्यावर आकाशातून वाणी झाली की हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूने ना एक उपदेश केला होता, ना एक आजारी बरा केला होता. त्यानंतर लगेच अरण्यात परीक्षक येतो आणि त्याचे पहिलेच बोल असतात, ‘तू देवाचा पुत्र असलास तर’. बापाने जे सांगून टाकले होते ते आता सिद्ध करून दाखवावे, अशी ती मागणी आहे. धोंड्यांच्या भाकरी करण्यात स्वतःहून वाईट असे काही नव्हते. येशूला भूक लागली होती, आणि पुढे त्याने स्वतः पाच भाकरींवर हजारो लोकांना जेवू घातले. दोष पुरावा मागण्यात होता. तुमच्या मोबाइलवरचे ते शून्य मला त्या ‘असलास तर’ सारखेच वाटते. मरणाच्या दारी असलेल्या बापाच्या ओठांना पाणी लावत जागणार्‍या लेकीला ते विचारत होते की तू खरोखर प्रार्थना करणारी असशील तर आकडा दाखव.

प्रेषित पौल याच गोष्टीसाठी दत्तकपणाचा शब्द वापरतो. मूळ ग्रीक भाषेत तो शब्द ‘हुइओथेसिया’ असा आहे आणि पौलाच्या पत्रांत तो पाच वेळा येतो : रोमकरांस पत्रात तीनदा, गलतीकरांस आणि इफिसकरांस पत्रांत एकेकदा. त्याचे वाचक रोमन जगात राहत होते आणि दत्तकविधान म्हणजे काय हे त्यांना चांगले माहीत होते. ज्युलियस सीझरने आपल्या मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतले, ते पत्र इ.स.पू. ४४ मध्ये सीझरच्या खुनानंतर उघडले गेले, आणि तोच तरुण पुढे ऑगस्टस सम्राट झाला. त्या विधानाने माणसाचे नाव बदलत असे, घराणे बदलत असे आणि वारसा बदलत असे. ज्याला दत्तक घेतले त्याने ते नाते आपल्या हाताने घडवलेले नसे. रोममध्ये हे बहुधा वारस हवा म्हणून मुलग्यांच्या बाबतीत होई. पौल मात्र गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तामध्ये यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद उरलेला नाही. वारसा सगळ्यांचा आहे.

तेव्हा ‘होणे’ या क्रियापदाची आपल्याला जी सवय लागली आहे ती थोडा वेळ बाजूला ठेवावी. डॉक्टर होण्यासाठी खटपट करावी लागते. कोणाचे लेकरू होण्यासाठी कोणीतरी आपल्याला पदरात घ्यावे लागते.


उत्तर : संगणक प्रणाली लिहिणारा एक जण

पाळकसाहेबांचे म्हणणे मला पटले, तरी माझ्या व्यवसायाच्या बाजूने काही मांडावे असे वाटते, कारण अशा चर्चांमध्ये लवकरच ‘घडवणे’ हीच वाईट गोष्ट ठरवली जाते.

पवित्र शास्त्रात अमुक माणसाला देवाच्या आत्म्याने भरले आणि त्याला कारागिरीचे कौशल्य दिले, असे निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेलाविषयी लिहिले आहे. तो सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करणारा होता. येशूलाही मार्काच्या सहाव्या अध्यायात गावकरी ‘सुतार’ म्हणूनच ओळखतात. आयुष्याची बहुतेक वर्षे ज्याने हातात हत्यार धरले, त्याच्या शिष्यांनी हत्यारांची भीती बाळगू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ताईंच्या दोन गोष्टींकडे येतो. सलग दिवसांचा आकडा ही प्रार्थनेच्या अ‍ॅपची खास गोष्ट नाही. भाषा शिकवणार्‍या, व्यायाम करवून घेणार्‍या आणि खेळांच्या अ‍ॅपमध्येही तोच असतो. साठवलेले गमावण्याची भीती माणसाला नवे मिळवण्याच्या आनंदापेक्षा जास्त ओढते, आणि तो आकडा त्या भीतीवर चालतो. दोनशे दिवस झाले की माणूस वचनासाठी येतो की दोनशे वाचवण्यासाठी, हे त्याचे त्यालाच कळेनासे होते. अ‍ॅप बनवणार्‍यांचा हेतू वाईट असेलच असे नाही. वापरकर्ता परत यावा म्हणून सगळे जे करतात तेच त्यांनी केले आहे. बर्‍याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये हा आकडा आणि त्याची सूचना बंद करण्याची सोय असते. ती तुम्ही आजच शोधा.

प्रार्थना लिहून देणारा एआय कसा चालतो तेही थोडक्यात सांगतो. प्रचंड प्रमाणातल्या मजकुरावरून तो शिकलेला असतो, आणि आधीचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा यावा याचा अंदाज बांधत तो वाक्य पुढे नेतो. दिवंगत वडिलांसाठी प्रार्थना मागितली की अशा प्रसंगी सर्वसाधारणपणे जे लिहिले जाते त्याच्या जवळपासचे काही तो लिहितो. म्हणून ताईंचे वडील शांत, प्रेमळ आणि क्षमाशील झाले. अकरा वर्षांच्या अबोल्याबद्दल त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पण मग मला एक खरी अडचण आहे आणि पाळकसाहेबांनी तिच्यावर लिहावे अशी माझी विनंती आहे. उपासनेत आपण छापील प्रार्थना वाचतो. दुःखात आपण स्तोत्रे म्हणतो. ते शब्दही आपले नसतात, दुसर्‍याने लिहून ठेवलेले असतात. मग उसने शब्द तिथे चालतात आणि इथे का खटकावेत?


उत्तर : धर्मज्ञानाची एक विद्यार्थिनी, कॅथलिक

‘घडवणे’ आणि ‘जन्म देणे’ यांतला फरक ख्रिस्ती धर्मसभेने फार पूर्वी, आणि फार काळजीपूर्वक, शब्दांत धरून ठेवला आहे. ३२५ सालच्या निकेआ परिषदेच्या विश्वासांगीकारात पुत्राविषयी म्हटले आहे की तो पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही. घडवलेली वस्तू घडवणार्‍याहून वेगळ्या जातीची असते. सुताराने केलेली खुर्ची सुतार नसते. जन्माला आलेला मात्र जन्म देणार्‍याच्याच स्वभावाचा असतो. ग्रीक भाषेत ‘टेक्नोन’ म्हणजे लेकरू आणि ‘टेख्ने’ म्हणजे कारागिरी. हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात आणि अर्थाने मात्र दोन निरनिराळ्या दिशांना जातात. योहान आपल्यासाठी ‘टेक्नोन’ वापरतो, आणि ‘पुत्र’ हा शब्द येशूसाठी राखून ठेवतो.

येथे एक सावधगिरी हवी. विश्वासांगीकारातले ते वाक्य ख्रिस्ताविषयी आहे, आपल्याविषयी नाही. आपण घडवलेलेच आहोत, उत्पत्तीच्या दुसर्‍या अध्यायाप्रमाणे मातीचे आहोत, आणि त्यात कमीपणा काही नाही. शुभवार्ता ही आहे की जे घडवले होते त्याला देवाने लेकरू म्हणून जन्म दिला. योहान लगेच पुढच्याच वचनात सांगतो की हा जन्म रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून नव्हे, तर देवापासून झाला.

अलेक्झांड्रियाचे संत अथानासियस यांनी तर इथवर म्हटले की आपण देवासारखे व्हावे म्हणून देव माणूस झाला. तंत्रज्ञानाच्या बळावर माणसाने म्हातारपण आणि मरण ओलांडावे, देहच मागे टाकावा, असे आज गंभीरपणे मांडणारे लोक आहेत. देवासारखे होण्याची त्यांची ओढ मला खोटी वाटत नाही. उत्पत्तीच्या तिसर्‍या अध्यायात सर्पाने तीच ओढ वापरली, आणि योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसर्‍या अध्यायात तीच आशा म्हणून आपल्याला दिली आहे : आता आपण देवाची लेकरे आहोत, पुढे काय होऊ ते अजून प्रकट झालेले नाही, पण तो प्रकट होईल तेव्हा आपण त्याच्यासारखे होऊ. सर्पाने ते फळ हात पुढे करून तोडायला सांगितले. योहान ते मिळण्याची वाट पाहायला सांगतो. पौल तर रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात दत्तकपणाची वाट पाहण्याचा अर्थच ‘आपल्या शरीराची मुक्ती’ असा करतो. ज्या देहाने ताईंनी ती रात्र जागून काढली, तो देह देवाच्या वचनातून वगळलेला नाही.

आमच्या धर्मसभेत या विषयावर अलीकडे बरेच लिहिले जात आहे. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या दोन विभागांनी मिळून ‘अंतिक्वा एत नोवा’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. एआय हे मानवी बुद्धीचे दुसरे रूप नसून मानवी बुद्धीने निर्माण केलेली वस्तू आहे, असे त्यात मांडले आहे. त्याच वर्षी मे महिन्यात निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना जे कारण सांगितले त्यातही ही नवी औद्योगिक क्रांती आणि एआय होते. १८९१ साली तेराव्या लिओंनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले होते, तो धागा त्यांनी पुढे घेतला.


उत्तर : दत्तक मुलीची आई

‘जन्मलेला, घडवलेला नव्हे’ हे वाचून मी बराच वेळ थांबले. मला हे लिहिणे सोपे जात नाही, तरी लिहिते.

आम्ही उभयतांनी मूल व्हावे म्हणून सहा वर्षे उपचार घेतले. प्रयोगशाळेत गर्भधारणा होऊन पहिले मूल १९७८ साली जन्मले, आणि तेव्हापासून कितीतरी घरांत त्याच मार्गाने लेकरे आली आहेत. ती कोणाहूनही कमी लेकरे नाहीत, हे मी आधी ठामपणे सांगते. मला बोलायचे आहे ते माझ्या मनाविषयी. त्या काळात आमच्या हातात जे अहवाल येत, त्यांत प्रत्येक भ्रूणापुढे आकड्याअक्षरांत त्याची प्रत लिहिलेली असे. डॉक्टरांना ती माहिती लागते, त्यात त्यांचा दोष नाही. मी मात्र हळूहळू त्या प्रतींवर प्रेम करू लागले आणि त्यांच्यावरच रागावू लागले. ‘चांगल्या प्रतीचे’ न टिकल्याचे दुःख मी वेगळे केले आणि ‘साधारण प्रतीचे’ न टिकल्याचे वेगळे. एके दिवशी हे माझ्या लक्षात आले आणि मी घाबरले.

पुढे आम्ही मुलगी दत्तक घेतली. ती चार वर्षांची होती. न्यायालयाचा आदेश झाला त्या दिवशी कायद्याने ती आमची झाली, नाव बदलले, वारस ठरली. पाळकसाहेबांनी रोमन विधानाविषयी लिहिले आहे ते सगळे त्या एका कागदात होते. पण तिला ते कळायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत ती आमच्या घरी पाहुण्यासारखी वागली. ताटात वाढलेले सगळे संपवायची, न सांगता खेळणी आवरायची, पेला सांडला तर थरथर कापायची. शेजारीपाजारी कौतुक करायचे की किती गुणी मूल आहे. मला रात्री रडू यायचे, कारण ती गुणीपणाने घरात आपली जागा कमावत होती.

अकराव्या महिन्यात एके संध्याकाळी तिला ताप होता आणि मी कडू औषध पाजत होते. तिने चमचा उडवून लावला आणि ओरडली, “नको ना गं आई!” तोवर तिने मला हाक मारायचे टाळले होते. औषध माझ्या साडीवर सांडले होते आणि मी तशीच बसून राहिले.

रोमकरांस पत्रात पौल लिहितो की पुन्हा भीती वाटावी असा दास्याचा आत्मा आपल्याला मिळाला नाही, तर ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो तो दत्तकपणाचा आत्मा मिळाला. त्या वचनातला ‘भीती’ हा शब्द मला त्या संध्याकाळपर्यंत समजला नव्हता. ताई, तुमच्या २१२ दिवसांना मी नावे ठेवत नाही. पण रिकामे ताट दाखवणारी माझी मुलगी मला त्यात दिसली, म्हणून राहवले नाही.


उत्तर : वृद्धांची शुश्रूषा करणारी एक परिचारिका

थोडक्यात लिहिते. मी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेते. त्यांतल्या एका आजींना स्वतःचे नाव सांगता येत नाही आणि मुलगा समोर आला तरी त्या ओळखत नाहीत. संध्याकाळी मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे सुरू केले की त्या ओठ हलवू लागतात आणि मधल्या दोन-तीन ओळी माझ्याबरोबर स्पष्ट म्हणतात. पौल गलतीकरांना लिहिताना ‘तुम्ही देवाला ओळखता’ असे म्हणतो आणि लगेच स्वतःला दुरुस्त करतो, ‘किंबहुना देवाने तुम्हांला ओळखले आहे’. या आजींच्या बाबतीत मी त्या दुरुस्तीवर भिस्त ठेवते. दिवसांचा हिशेब ठेवायला त्यांच्यापाशी काहीच उरलेले नाही.


पुन्हा : निवृत्त पाळक

आमच्या संगणकवाल्या बंधूंचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उसने शब्द हा दोष मुळीच नाही. वधस्तंभावर असताना प्रभूने स्वतः बाविसाव्या स्तोत्राचे शब्द घेतले. माझ्या सेवेतल्या कितीतरी दफनविधींत, मला स्वतःला काही सुचत नसताना, मला छापील प्रार्थनेने उभे धरले आहे.

फरक मला दोन ठिकाणी दिसतो. स्तोत्र कोणीतरी सोसून लिहिले आहे आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते आपापल्या दुःखात म्हणून पाहिले आहे. ते घेताना आपण एका मोठ्या कुटुंबाच्या घशातून बोलतो, आणि त्या कुटुंबात अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राच्या कर्त्यासारखी माणसेही आहेत, ज्याची प्रार्थना कोणत्याही सांत्वनाशिवाय अंधारापाशीच संपते. लेकरांच्या भाषेत तसेही बोलता येते. सांत्वनपर प्रार्थना मागितल्यावर यंत्र अंधारापाशी थांबेल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. छापील प्रार्थना आपल्याविषयी काही ठरवत नाही. तिच्यात आपले दुःख घालायला जागा असते, ‘आमचा हा बंधू’ एवढेच तिच्यात असते आणि तो बंधू कसा होता ते ज्याचे त्याला आठवते. ताईंना मिळालेल्या मजकुराने त्यांचे वडीलच बदलून टाकले. देवाला आपण बाप म्हणतो तेव्हा आपल्या जिभेवर आपल्या खर्‍या बापाची चव असते, कधी गोड, कधी कडू. कडू आठवण घेऊन ‘बापा’ म्हणणारे लेकरू आत्म्याच्या मदतीनेच ते म्हणते. म्हणून त्याच आठव्या अध्यायात, सव्विसाव्या वचनात, पौल सांगतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही आणि आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. यंत्राकडे शब्द कधी संपत नाहीत. आपल्याजवळचे संपतात, आणि वचन सांगते की आत्मा तिथेच आपल्या मदतीला येतो. भगिनी, स्मरण-उपासनेपूर्वी तुम्ही कोर्‍या कागदापुढे जेवढा वेळ बसलात, तो वेळ मला प्रार्थनेतच धरावासा वाटतो.

एक विनंती करतो. त्या मजकुराबद्दल स्वतःला अपराधी ठरवू नका. खचलेल्या माणसाने जवळ जी काठी होती ती घेतली, एवढेच झाले. राहून गेलेले बोलणे मात्र अजून बोलता येईल.


पुन्हा : शब्बाथ शाळेतील शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. परिचारिका ताईंचे उत्तर मी दोनदा वाचले आणि दत्तक मुलीच्या आईचे उत्तर माझ्या नवर्‍याला मोठ्याने वाचून दाखवले.

शनिवारी रात्री मी बाबांच्या खोलीत बसले. बाविसावे स्तोत्र उघडले, थोडे वाचले आणि मग पुस्तक मिटले. मला तीन वाक्ये बोलता आली. पहिले वाक्य त्या अकरा वर्षांविषयी होते, दुसरे बाबांवरच्या रागाविषयी. तिसरे पुरे झाले नाही. त्याला प्रार्थना म्हणायचे की नाही या विचारात मी पूर्वी पडले असते. या वेळी पडले नाही.

रविवारी वर्गात मी उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली आणि भाषणाचा कोणता भाग बोलायचा राहिला ते मुलांना शोधायला लावले. पहिल्यांदा त्यांना सापडेना, मग अठरावे, एकोणिसावे आणि एकविसावे वचन शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर एका मुलीने ते ओळखले. त्यानंतर सगळ्यांनी मोबाइल खिडकीत ठेवले आणि प्रत्येकाने एकच वाक्य देवाशी बोलायचे ठरले. ज्याने मूळ प्रश्न विचारला होता तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मी त्याला घाई केली नाही. शेवटी तो म्हणाला, “बापा, मला आज काही सुचत नाही, पण मी इथे आहे.” पुढे त्याला ‘आमेन’ म्हणायचेही सुचले नाही. ते त्याच्या शेजारच्या मुलाने म्हटले.

त्या मुलाने वर्गानंतर मला आणखी एक गोष्ट विचारली. आपल्या प्रार्थनेतल्या चुका आधी एआयकडून सुधारून घेतल्या तर चालेल का, असे त्याचे म्हणणे आहे. मी त्याला सांगितले की उपासनेत सर्वांपुढे वाचायची असेल तर व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, पण घरी, एकटा असताना, देवाशी आहे तसेच बोल. हे उत्तर बरोबर दिले का, ते पाळकसाहेबांनी आणि संगणकवाल्या दादांनी जरूर कळवावे. दादा, अ‍ॅपमधली ती सोय मला ‘सूचना’ या विभागात सापडली. आकडा आता दिसत नाही.